येशू जन्माआधी होता? ख्रिस्ताच्या पूर्वास्तित्वाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ जवळ आला की हे प्रश्न सुरू होतात आणि ईस्टर उलटला तरी थांबत नाहीत. विचारणाऱ्यांत चर्चमध्ये वाढलेले असतात, इतिहासाची आवड म्हणून वाचणारे असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड खरा की खोटा हे तपासू पाहणारेही असतात. श्रद्धा खरी की खोटी, हा निवाडा इथे केलेला नाही. पहिल्या तीन-साडेतीन शतकांतले ख्रिस्ती लोक काय मानत होते आणि त्याबद्दल आज कोणते गैरसमज पसरले आहेत, एवढंच पाहिलं आहे. तेच तेच परत लिहायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘पूर्वास्तित्व’ म्हणजे नेमकं काय?

मरियेच्या पोटी जन्मला आणि येशू म्हणून ओळखला गेला, तो त्या जन्माआधीही होता, ही समजूत. बस्स, एवढंच. तो देव होता का, अनादी होता का, देवदूतासारखा कोणी होता का, यातलं काहीही त्या शब्दात येत नाही.

बहुतेक घोळ इथेच होतो. तीन प्रश्न वेगवेगळे धरावे लागतात: जन्माआधी तो होता का? असेल तर केव्हापासून? आणि कोण म्हणून? पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारी माणसं पुढच्या दोन प्रश्नांवर पिढ्यानपिढ्या एकमेकांशी भांडली. खालचे निम्मे गैरसमज हे तीन प्रश्न एकात कालवल्यामुळे झालेले आहेत.

२. म्हणजे हाडामांसाचा येशू बेथलेहेमच्या आधी स्वर्गात राहत होता असं मानायचे का?

नाही. देह मरियेकडून आला, यावर चर्चचा मुख्य प्रवाह सुरुवातीपासून ठाम होता. आधीपासून होता तो ‘पुत्र’, किंवा योहानाच्या शुभवर्तमानाच्या (मार्क, मत्तय, लूक, योहान या बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या) भाषेत ‘शब्द’, आणि तो शब्द पुढे देही झाला. ‘येशू’ हे नावसुद्धा बाळाला आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी ठेवलं, असं लूक सांगतो.

काही गट मात्र दुसऱ्या टोकाला गेले. स्वर्गातून आलेल्याला खरा देह कसा असेल, तो नुसता भास असणार, असं ते म्हणत. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सैनिकांच्या पहाऱ्यात रोमला मरणदंडासाठी नेत होते. वाटेत लिहिलेल्या पत्रांत तो यावर तुटून पडतो: येशू खरोखर जन्मला, खरोखर खाल्लं-प्याला, खरोखर क्रुसावर मेला. आणि हाच इग्नेशियस मग्नेशियाच्या मंडळीला लिहितो की ख्रिस्त युगांच्या आधी पित्याजवळ होता. एकाच माणसाच्या लेखणीत दोन्ही गोष्टी आहेत, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

३. कुमारीच्या पोटी जन्म झाला याचाच अर्थ तो आधीपासून होता, बरोबर ना?

चूक, आणि ही चूक चर्चमध्ये वाढलेल्यांकडून जास्त होते. या दोन वेगळ्या समजुती आहेत. कुमारीजन्माची कथा मत्तय आणि लूक सांगतात, पण हा बाळ आधी कुठे होता याबद्दल त्या कथांत एक ओळही नाही. लूकात गब्रिएल मरियेला सांगतो की पवित्र आत्मा तुझ्यावर येईल, म्हणून बाळाला देवाचा पुत्र म्हणतील. कारण दिलंय ते गर्भधारणेचं. उलट योहान थेट जगाच्या आरंभापासून सुरुवात करतो आणि जन्मकथा सांगतच नाही.

दोन्ही वेगळ्या होत्या याचा जिवंत पुरावा म्हणजे एबियोनी नावाचे यहुदी-ख्रिस्ती. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस सांगतो की त्यांच्यात दोन तट होते. एक तट कुमारीजन्मही नाकारायचा. दुसरा तो मान्य करायचा, पण येशू आधीपासून होता हे मात्र मानायचा नाही.

४. हे सगळं इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या सभेत सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन ठरवलं असं वाचलं. खरं का?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच. एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीनंतर तो फारच वाढला. उत्तर: नाही.

निकियाला अडीचशे-तीनशे बिशप जमले, कॉन्स्टंटाइन हजर होता, त्याचा दबावही होता, हे सगळं खरं. पण येशू जन्माआधी होता की नव्हता, हा तिथे वादाचा विषयच नव्हता. एरियस नावाच्या पाळकाचे समर्थक आणि त्याचे विरोधक, दोन्ही बाजूंना ते मान्य होतं. वाद प्रश्न १ मधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर होता. सभेने मतांगीकाराच्या (श्रद्धेच्या अधिकृत कबुलीच्या) शेवटी जे शाप जोडले ते वाचले की हे लगेच दिसतं. ‘तो नव्हता असा एक काळ होता’, ‘जन्म पावण्यापूर्वी तो नव्हता’, ‘तो शून्यातून झाला’, ‘तो पित्याहून वेगळ्या तत्त्वाचा आहे’, असं म्हणणाऱ्यांना ते शाप आहेत. यातला ‘जन्म’ म्हणजे बेथलेहेमचा नव्हे, तर जगाच्या आधी पित्यापासून पुत्र होण्याचा. भांडण चाललंय ते गोठ्याच्या कितीतरी आधीच्या गोष्टीवर.

अखेरपर्यंत सही करायला नकार देणारे बिशप दोनच निघाले, दोघेही लिबियाकडचे: सेकुंदस आणि थिओनास. एरियसबरोबर त्यांनाही हद्दपार केलं.

निकियाच्या दोनशे वर्षं आधीची एक बिगरख्रिस्ती साक्षही आहे. बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनला कळवलं की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला ‘देव असल्यासारखं’ स्तोत्र म्हणतात. यातून पूर्वास्तित्व थेट सिद्ध होत नाही. पण कॉन्स्टंटाइनने एका माणसाला देव बनवलं, ही गोष्ट मात्र टिकत नाही.

५. मग सर्वात जुना लेखी पुरावा कोणता?

पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रं. येशूच्या मृत्यूनंतर वीस ते तीस वर्षांत, साधारण इ.स. ५० ते ६० च्या दरम्यान ती लिहिली गेली. चारही शुभवर्तमानांच्या आधीची आहेत.

त्यातला सर्वात गाजलेला उतारा फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, ओवी ६ ते ११. मजा अशी की पौल तिथे ख्रिस्त कोण हे शिकवायला बसलेलाच नाही. फिलिप्पीच्या मंडळीत कुरबुरी चालल्या होत्या. आपलंच घोडं दामटू नका, दुसऱ्याला मोठं माना, असं तो सांगतो आहे आणि उदाहरण म्हणून ख्रिस्ताचं देतो: तो देवाच्या स्वरूपात होता, तरी देवाच्या बरोबरीचं असणं त्याने धरून ठेवलं नाही. त्याने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, माणसांसारखा झाला. मग मरणापर्यंत, तेही क्रुसावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली. म्हणून देवाने त्याला उंचावलं.

क्रम पाहा. आधी देवाच्या स्वरूपात असणं, नंतर माणूस होणं. माणूस होण्याआधी कोणी तरी असल्याशिवाय ‘रिकामं केलं’ कोणी? शिवाय पौल हे पटवून देत नाही, गृहीत धरतो. वाचणाऱ्याला ते ठाऊक आहे असं समजून तो त्यावरून नम्रतेचा धडा देतो. ओळींची लय पाहून अनेक अभ्यासकांना वाटतं की हे मंडळीत आधीपासून म्हटलं जाणारं स्तोत्र असावं. तसं असेल तर ते पत्राहूनही जुनं.

याच्या जोडीला: करिंथकरांस पहिल्या पत्रात (८:६) ‘एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व काही झालं’, दुसऱ्या पत्रात (८:९) ‘तो धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला’, गलतीकरांस पत्रात (४:४) ‘देवाने आपल्या पुत्राला पाठवलं, तो स्त्रीपासून जन्मला’.

६. पण फिलिप्पैकरांसमधला उतारा आदामाबद्दल आहे असं काही विद्वान म्हणतात ना?

म्हणतात. ब्रिटिश अभ्यासक जेम्स डन यांनी १९८० मध्ये हे मत जोरात मांडलं. त्यांचं म्हणणं असं: आदामही देवाच्या प्रतिरूपाचा होता, त्याने देवासारखं व्हायचा हव्यास धरला, ख्रिस्ताने तो धरला नाही. म्हणजे तुलना दोन माणसांची आहे, स्वर्गातल्या कोणाची नाही. पूर्वास्तित्व स्पष्टपणे येतं ते योहानातच.

आदामाची छाया त्या उताऱ्यात असू शकते, हे बहुतेकांना मान्य आहे. तेवढ्याने पूर्वास्तित्व जातं हे मात्र बहुसंख्य अभ्यासकांना पटलेलं नाही, आणि मलाही नाही. ‘माणसांसारखा झाला’ हे जो आधीच माणूस आहे त्याच्याबद्दल कोण म्हणेल? शिवाय ‘ज्याच्याद्वारे सर्व काही झालं’ या ओळीत आदाम बसवणं अवघड जातं. डन यांच्या मांडणीचा फायदा एक झाला: योहानाचा चष्मा लावून पौल वाचायची सवय मोडली.

७. मार्कात काहीच नाही, मत्तय-लूकात जन्म, योहानात अनादी शब्द. म्हणजे कल्पना पायरी-पायरीने वाढत गेली, हे उघड आहे ना?

शुभवर्तमानं काळाच्या क्रमाने मांडली तर तसं दिसतं खरं. मार्क साधारण इ.स. ७० चा, मत्तय-लूक ८० ते ९० चे, योहान ९० ते १०० चा. बाप्तिस्म्यापासून सुरुवात, मग जन्मापासून, मग जगाच्या आरंभापासून. जिना अगदी नीट बांधलेला.

फक्त या जिन्यात पौल कुठेच बसत नाही. प्रश्न ५ मधल्या ओळी मार्काच्या आधीच्या आहेत. म्हणजे योहानातली सर्वात वरची पायरी मार्क लिहिण्याच्या आधीपासून कोणीतरी चढलेलं होतं. फार तर असं म्हणता येईल की वेगवेगळ्या मंडळ्यांमध्ये वेगवेगळी भाषा एकाच वेळी चालू होती. काही जण येशूबद्दल बोलताना पुनरुत्थानावर जोर देत, काही स्वर्गातून येण्यावर. रोमकरांस पत्राच्या सुरुवातीला (१:३–४) पौल एक जुनं वचन देतो: देहाने दाविदाच्या वंशातला, आणि मेलेल्यांतून उठल्याने सामर्थ्याने देवाचा पुत्र ठरलेला. त्याच पत्रात आठव्या अध्यायात देवाने आपला पुत्र पाठवला असंही तो म्हणतो. दोन्ही पद्धती एकाच पत्रात, शेजारी शेजारी.

८. हे ग्रीक तत्त्वज्ञानातून उसनं घेतलेलं दिसतं. यहुदी लोकांत असं कुठे होतं?

होतं, आणि भरपूर होतं. नीतिसूत्रे अध्याय ८ मध्ये ‘ज्ञान’ स्त्रीरूपात बोलतं: डोंगर स्थिर होण्याआधी, पृथ्वी होण्याआधी मी होते, देव आकाश स्थापत होता तेव्हा मी त्याच्याजवळ होते. ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला यरुशलेमेत बेन सिरा याने लिहिलेल्या ग्रंथात हेच ज्ञान देवाच्या मुखातून निघतं, साऱ्या पृथ्वीवर राहायला जागा शोधतं, आणि देव त्याला सांगतो की याकोबात तंबू ठोक. योहान पहिल्या अध्यायात शब्द देही झाला आणि आमच्यात वस्तीला राहिला म्हणतो, तेव्हा मूळ ग्रीकमधलं क्रियापद तंबू ठोकण्याचंच आहे. ज्यांनी बेन सिरा ऐकला होता त्यांच्या लक्षात ते नक्की आलं असणार.

हनोखाच्या नावावर असलेल्या ग्रंथात ‘मनुष्याच्या पुत्रा’चं नाव सूर्य आणि तारे होण्याआधी घेतलं गेलं, असं आहे. हा भाग आज फक्त इथिओपियाच्या प्राचीन गीझ भाषेत उरला आहे.

ग्रीक तत्त्वज्ञानाचा संबंध नाही असंही नाही. अलेक्झांड्रियाचा फायलो हा येशूच्याच काळातला यहुदी विचारवंत. तो देवाच्या ‘शब्दा’ला देवाचा ज्येष्ठ पुत्र म्हणतो. पण तोही सिनेगॉगमध्ये जाणारा, मोशेच्या ग्रंथांवर भाष्य लिहिणारा माणूस होता. यहुदी एकीकडे आणि ग्रीक दुसरीकडे अशी भिंत त्या काळी नव्हतीच.

९. यहुदी परंपरेत तोराही (मोशेचं नियमशास्त्र) जगाच्या आधीची मानतात. मग येशूही फक्त देवाच्या मनात, योजनेत होता असा अर्थ का घेऊ नये?

हा खरोखर चांगला प्रश्न आहे. ताल्मुद या यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या संग्रहात जगाच्या आधी निर्माण झालेल्या सात गोष्टींची यादी आहे: तोरा, पश्चात्ताप, एदेन बाग, गेहेन्ना (नरक), गौरवाचं सिंहासन, मंदिर आणि मशीहाचं (देव पाठवणार असलेल्या तारणाऱ्याचं) नाव. मशीहा स्वतः नव्हे, त्याचं नाव. म्हणजे महत्त्वाची गोष्ट देवाने आधीच योजून ठेवली होती, हे सांगायची ती रीत होती. नव्या करारातही अशी भाषा सापडते. पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:२०) ख्रिस्त ‘जगाच्या स्थापनेपूर्वी नेमलेला’ आहे. एवढीच ओळ असती तर योजना हा अर्थ पुरेसा होता.

अडचण बाकीच्या ओळींची आहे. योजना स्वतःला रिकामं करत नाही, धनवान असून दरिद्री होत नाही. योहान १७:५ मध्ये येशू प्रार्थना करतो की जग होण्यापूर्वी तुझ्याजवळ माझं जे वैभव होतं ते मला दे. तरीही ‘फक्त योजनेत’ हा अर्थ घेणारे कायम होते. सोळाव्या शतकात फाउस्टस सोसिनस आणि त्याचे पोलंडमधले अनुयायी हेच म्हणत. आजही काही लहान पंथ तसं मानतात. पहिल्या शतकांतल्यांसाठी प्रश्न १४ पाहा.

१०. येशू म्हणतो, “अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे”. याचा अर्थ ‘अब्राहामाला माझ्याबद्दल माहीत होतं’ एवढाच असू शकतो का?

त्या प्रसंगातल्या लोकांना तरी तसं वाटलं नाही. योहान ८:५७ मध्ये ते म्हणतात, तुला अजून पन्नास वर्षं झाली नाहीत आणि तू अब्राहामाला पाहिलंस? प्रश्न वयाचा आहे. येशूने उत्तर दिल्यावर ते दगड उचलतात. नुसतं ‘त्याला माहीत होतं’ म्हटल्यावर कोणी दगड उचलत नाही. मात्र हे वाक्य येशूच्या तोंडचं जसंच्या तसं आहे की योहानाने त्याच्या पद्धतीने मांडलेलं, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी प्रश्न १९.

११. कलस्सैकरांस पत्रात ख्रिस्त “सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ” आहे. म्हणजे तो पहिली निर्मिती?

ज्येष्ठ म्हणजे वारसाहक्काचा मानकरी असाही अर्थ होतो. स्तोत्र ८९ मध्ये देव दाविदाला ‘मी त्याला ज्येष्ठ करीन’ म्हणतो, आणि दावीद तर इशायाचा धाकटा मुलगा. पुढच्याच ओळीत सर्व काही ख्रिस्ताच्या ठायी निर्माण झालं असं आहे, त्यामुळे तो ‘सर्व काही’त मोडत नाही, असं निकियावाले म्हणत. एरियसवाले याच ओळीवर बोट ठेवत. नुसत्या या एका शब्दावर वाद मिटण्यासारखा नव्हता.

१२. मग चौथ्या शतकात दोन्ही बाजू भांडत होत्या तरी कशावर?

आश्चर्य वाटेल, पण बराचसा वाद नीतिसूत्रे ८:२२ या एका वचनावर झाला. चर्च जो ग्रीक अनुवाद वापरत होतं त्यात ज्ञान म्हणतं, ‘प्रभूने मला आपल्या मार्गांचा आरंभ म्हणून निर्माण केलं’. हे ज्ञान म्हणजे ख्रिस्त, हे दोन्ही बाजूंना मान्य. मग एरियस म्हणे, बघा, ‘निर्माण केलं’ लिहिलंय. निकियाच्या बाजूचा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने यावर पानंच्या पानं लिहिली. त्याचा मुख्य मुद्दा असा की हे ख्रिस्ताच्या मानवी देहाबद्दल आहे. आज वाचताना त्याचं उत्तर ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, हे मान्य करायला हरकत नाही. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ ‘मिळवणे, बाळगणे’ असाही होतो, पण हिब्रू पाहणारे तेव्हा फार थोडे होते.

१३. एरियस येशूला साधा माणूस मानायचा, बरोबर?

अजिबात नाही. अलेक्झांड्रियाचा हा पाळक स्वतःच्या पत्रात लिहितो की पुत्र ‘काळांच्या आणि युगांच्या आधी’ अस्तित्वात आला. त्याच्या मते पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा, सृष्टी त्याच्याद्वारे झालेली, फक्त तो अनादी नाही आणि पित्याच्या बरोबरीचा नाही. पूर्वास्तित्व नाकारणाऱ्यांच्या यादीत एरियसचं नाव दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही.

१४. मग खरोखर नाकारणारे कोणी होते का?

होते, अगदी सुरुवातीपासून. एबियोनी प्रश्न ३ मध्ये आले. दुसऱ्या शतकाच्या शेवटी बायझँटियमहून रोमला आलेला थिओडोटस, धंद्याने चामड्याचं काम करणारा, येशू कुमारीपासून जन्मलेला पण निव्वळ माणूस होता असं शिकवी. बिशप व्हिक्टरने त्याला मंडळीबाहेर काढलं. पुढे आर्टेमॉनचे लोक म्हणू लागले की व्हिक्टरच्या काळापर्यंत सगळे आमच्यासारखंच मानत होते, नंतर सत्य बदललं गेलं. त्यांना कोणीतरी खणखणीत उत्तर दिलं: मग व्हिक्टरने थिओडोटसला काढलं कशासाठी? आणि सुरुवातीपासून ख्रिस्ताला देवाचा शब्द म्हणून गायली जाणारी इतकी स्तोत्रं आली कुठून? ‘नंतर बदललं’ हा आक्षेप अठराशे वर्षं जुना आहे, आणि त्याचं उत्तरही.

तिसऱ्या शतकात अंत्युखियाचा बिशप पौल (समोसाटाचा, पत्रं लिहिणारा पौल वेगळा) ख्रिस्त ‘खालून’, म्हणजे माणसांतूनच, आला असं शिकवतो म्हणून त्याला इ.स. २६८ मध्ये पदावरून काढलं. तो मंडळीची इमारत सोडेना. शेवटी ख्रिस्ती नसलेल्या सम्राट ऑरेलियनपुढे तो तंटा गेला आणि त्याने इमारत दुसऱ्या बाजूला द्यायला लावली. चौथ्या शतकात सिर्मियमचा बिशप फोटिनस याच कारणाने ३५१ मध्ये पदच्युत झाला.

या सगळ्या वादात मला सर्वात बोलका वाटतो तो मात्र पूर्वास्तित्व मानणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन. इ.स. १६० च्या आसपास लिहिलेल्या त्याच्या ग्रंथात त्रिफो नावाचा यहुदी त्याला म्हणतो, युगांच्या आधीपासून असलेला देव माणूस म्हणून जन्मला हे मला विचित्रच नव्हे तर मूर्खपणाचं वाटतं. जस्टिनचं उत्तर असं: तो आधीपासून होता हे मी सिद्ध करू शकलो नाही, तरी तो मशीहा नाही असं त्यावरून ठरत नाही. आमच्यातही काही जण आहेत, जे त्याला ख्रिस्त मानतात पण माणसापासून जन्मलेला माणूस मानतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. स्वतः पूर्वास्तित्वाचा एवढा खंदा पुरस्कर्ता, पण नाकारणाऱ्यांचा उल्लेख करताना शिव्याशाप नाहीत. दोनशे वर्षांनी ही हवा राहिली नाही.

१५. येशू मुळात देवदूत, म्हणजे मीखाएल, होता असं पहिले ख्रिस्ती मानत होते का?

मीखाएल म्हणजेच येशू ही आज यहोवाच्या साक्षीदारांची शिकवण आहे. पहिल्या शतकातल्या कोणत्याही ख्रिस्ती लेखनात ती अशी स्पष्ट येत नाही. देवदूतांच्या भाषेत ख्रिस्ताचा विचार मात्र होत होता. गलतीकरांस ४:१४ वरून अमेरिकन अभ्यासक बार्ट अर्मन म्हणतात की पौल ख्रिस्ताला देवदूत समजत होता. इतरांना ती ओळ एवढा भार पेलेल असं वाटत नाही. इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय तर पुत्र देवदूतांहून कसा वेगळा आहे हेच सांगत बसतो. कोणी तरी गल्लत करत असल्याशिवाय एवढी वचनं कोण खर्च करेल?

१६. जुन्या करारात अब्राहामाला, मोशेला दिसलेला ‘परमेश्वराचा दूत’ येशूच होता का?

जस्टिन आणि त्याच्यानंतरचे बरेच जण ‘हो’ म्हणत. जळत्या झुडपातून बोलला तो शब्दच, पिता नव्हे. पौलानेही रानातल्या खडकाबद्दल ‘तो खडक ख्रिस्त होता’ असं लिहून ठेवलं होतं (१ करिंथ १०:४). यहूदाच्या पत्राची पाचवी ओवी आणखी चमत्कारिक आहे. लोकांना मिसर देशातून सोडवणारा कोण, तर काही हस्तलिखितांत ‘प्रभू’, पण व्हॅटिकन आणि अलेक्झांड्रियन या दोन फार जुन्या प्रतींत चक्क ‘येशू’.  ग्रीक नव्या कराराच्या २०१२ च्या प्रमाण आवृत्तीने ‘येशू’ स्वीकारलं.

चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन याला मात्र ही वाट धोक्याची वाटली. पुत्र दिसतो आणि पिता दिसत नाही असं म्हटलं तर पुत्र खालच्या दर्जाचा ठरतो. म्हणून ती दर्शनं देवदूतांकरवी झाली, असं त्याने मांडलं. एकाच मुख्य प्रवाहातले दोघे, आणि उत्तरं दोन.

१७. आपल्या अवतारकल्पनेसारखंच आहे की हे! मग वेगळं काय?

मराठीत हा प्रश्न येणारच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली, १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापली, तिलाही ‘पुराण’ म्हटलं आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द वापरला. जवळच्या शब्दांनी सांगावं लागतं, त्यात गैर काही नाही.

पण पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांचं म्हणणं दोन ठिकाणी वेगळं पडतं. एक, हे येणं एकदाच. इब्री पत्र ‘एकदाच’ हा शब्द पुन्हा पुन्हा वापरतं, तर गीतेत ‘संभवामि युगे युगे’ आहे. दोन, घेतलेलं माणूसपण काम झाल्यावर टाकून दिलेलं नाही. पुनरुत्थानानंतरही तो देहासह आहे, हे त्यांना फार महत्त्वाचं होतं. देह नुसता भास मानणाऱ्यांशी ते का भांडले, हे प्रश्न २ मध्ये आलंच आहे.

१८. म्हणजे पूर्वीचे ख्रिस्ती पुनर्जन्म मानायचे आणि चर्चने तो ५५३ मध्ये बायबलमधून काढला?

बायबलमधून काही काढलं नाही. त्याहून दोनशे वर्षं जुन्या प्रती आजही आहेत. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा प्रतिभावान माणूस शिकवत असे की सर्वच आत्मे देहाआधीपासून आहेत, आणि त्यातला एक कधीही देवापासून ढळला नाही. तोच येशूचा मानवी आत्मा. हे मत सहाव्या शतकात, ५५३ च्या कॉन्स्टंटिनोपल सभेच्या वेळी, निषिद्ध ठरलं. आत्मा आधीपासून असणं आणि एकामागून एक जन्म घेणं या दोन गोष्टी आहेत. शिवाय ख्रिस्ताचं पूर्वास्तित्व म्हणजे मागचा जन्म नव्हे. त्यात आधीचा देह नाही, कर्म नाही. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे परत जन्मलेला एलीया, असंही विचारतात. लूक १:१७ मध्ये उत्तर आहे: एलीयाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने.

१९. येशू स्वतः असं काही म्हणाला होता का?

योहानात म्हणतो. पहिल्या तिघांत थेट कुठेही नाही. काही अभ्यासक ‘मी अमुक करायला आलो आहे’ या धर्तीच्या वाक्यांकडे बोट दाखवतात: आलो म्हणजे कुठून तरी आलो. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. लूक ७:३३–३४ मध्ये योहान बाप्तिस्मा करणारा ‘आला’ आणि मनुष्याचा पुत्र ‘आला’, दोघांसाठी एकच क्रियापद आहे, आणि योहान स्वर्गातून आला असं कोणी म्हणत नाही. इतिहासाच्या साधनांनी एवढंच नक्की म्हणता येतं की त्याच्या मृत्यूनंतर एका पिढीच्या आत त्याचे अनुयायी हे मानत होते.

२०. चर्चमध्ये म्हणतो त्या मतांगीकारात हे आहे का? प्रत्येक ख्रिस्ती माणसाला ते मानावंच लागतं का?

निकियाच्या मतांगीकारात आहे. आज म्हणतात तो ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपल सभेशी जोडलेला पाठ, आणि त्यात पुत्र ‘सर्व युगांपूर्वी’ पित्यापासून जन्मलेला आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तो मानतात, त्यामुळे त्यांच्यापुरतं उत्तर ‘हो’. पण लहान मुलांना पाठ असतो तो प्रेषितांचा मतांगीकार काढून वाचा. त्याचा एकुलता एक पुत्र, आमचा प्रभू. आणि लगेच पुढे पवित्र आत्म्याने गर्भधारणा, मरियेपासून जन्म. जन्माआधीबद्दल त्यात एक शब्दही नाही. प्रश्न ३ मधले दुसऱ्या तटाचे एबियोनीसुद्धा ही ओळ बिनदिक्कत म्हणू शकले असते.